रिपोर्टमध्ये ‘लॉस’ लिहिलंय म्हणून आईची डाळ बंद करू नका

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे, थोडक्यात सांगते. ताई मानपाड्याला राहतात, आई कळव्याला भावाकडे. आईचं वय ६२, डायबेटिस, वजनही जास्त. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर परत थोडं थोडं ब्लीडिंग सुरू झालं, पण उष्णता झाली असेल म्हणत त्या काही महिने धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिल्या, कोणाला बोलल्या नाहीत. मग सोनोग्राफी, बायोप्सी, गर्भाशयाच्या अस्तराचा म्हणजे एंडोमेट्रियल कॅन्सर निघाला, आणि तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून पिशवी, ट्यूब, ओव्हरी सगळं काढलं. रिपोर्टात लिहिलंय: एंडोमेट्रिऑइड (या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), ग्रेड २ (पेशी मध्यम बिघडलेल्या), भिंतीची जाडी १६ मिमी, त्यात इन्व्हेजन म्हणजे शिरकाव ९ मिमी, सर्व्हिक्स (गर्भाशयाचं तोंड) मोकळं, लिम्फ नोड (लिम्फच्या गाठी) निगेटिव्ह, एलव्हीएसआय फोकल, ईआर पीआर पॉझिटिव्ह, पी५३ वाइल्ड टाइप, एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रोटीन लॉस म्हणजे दिसत नाहीत, एमएसएच२ आणि एमएसएच६ इंटॅक्ट म्हणजे शाबूत. एकेक शब्द पुढे उलगडते.

डॉक्टर घाईत ‘रेडिएशन लागेल, बाकी पुढच्या व्हिजिटला बोलू’ म्हणाले. तोपर्यंत घरात गोंधळ. दिराने प्रोटीन मार्कर आणि ट्यूमर इन्व्हेजनवरचा एक पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून सांगितलं की ही सगळी प्रोटीन बाहेरून तपासून घ्या, एका लॅबने मोठ्या पॅनलचा (एकत्र बऱ्याच टेस्टचा) रेटही दिलाय. मावशीने प्रोटीन ऐकल्या ऐकल्या आईची डाळ आणि अंडी बंद केली. ताई विचारतात, दोन-दोन प्रोटीन ‘लॉस’ म्हणजे फार अ‍ॅग्रेसिव्ह आहे का, निम्म्याहून जास्त आत गेलाय म्हणजे पसरलाय का, तो पॅनल करू का, मला आणि माझ्या मुलीला होईल का. आणि अगदी शेवटी, ताजा कलमसारखं, ‘माझा मामा पंचेचाळिशीत पोटाच्या कॅन्सरने गेला पण त्याचा याच्याशी संबंध नसेल.’

ताई, सगळ्यात आधी आईची डाळ सुरू करा, अंडी खात असतील तर अंडीही. रिपोर्टातलं प्रोटीन आणि ताटातलं प्रोटीन यांचा काडीचाही संबंध नाही. पेशी आपली आपण प्रोटीन बनवत असतात, त्यातली काही लॅबवाले रंगवून बघतात, एवढंच. उलट ऑपरेशनची जखम भरायला आणि पुढे रेडिएशन सोसायला खाण्यातलं प्रोटीन लागतं, आणि डायबेटिसच्या पेशंटला डाळ बंद करून नुसता भात देणं म्हणजे शुगरला आमंत्रण. मावशींना राग येऊ देऊ नका, त्यांनी काळजीपोटीच केलंय, पण आजपासून वरण चालू.

आता इन्व्हेजन. मी वाशीला हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासण्यात, आयुष्य घातलंय, रिटायर झाले तरी हा शब्द वाचून नातेवाइकांचा चेहरा कसा पडतो ते चांगलं माहितीय, म्हणून जरा सविस्तर सांगते. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं आणि त्याबाहेर जाड स्नायूची भिंत. हा कॅन्सर अस्तरात सुरू होतो आणि मग भिंतीत शिरू लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली की आपण बघतो ना, नुसता रंग फुगलाय की आतल्या प्लास्टरपर्यंत गेलीय, तसंच पॅथॉलॉजिस्ट बघतो की ट्यूमर भिंतीत किती खोल गेलाय. तुमच्या आईच्या बाबतीत १६ पैकी ९ मिमी, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे. ‘पसरला’ या शब्दाने तुम्हाला जे वाटतंय ते हे नाही. तो अजून भिंतीच्या आतच आहे, बाहेरचा पापुद्रा फोडलेला नाही, सर्व्हिक्समध्ये उतरलेला नाही, नोड मोकळे आहेत. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या भाषेत ही स्टेज वन-बी, म्हणजे पहिलीच स्टेज, तिचा दुसरा भाग.

मग निम्म्याची रेघ कशासाठी, तर भिंतीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात रक्ताच्या आणि लिम्फच्या वाहिन्या जास्त आणि मोठ्या असतात, तिथवर पोचलेल्या ट्यूमरला नोडमध्ये जायची संधी जास्त, असं अनेक वर्षांच्या केसेस बघून ठरलंय. ५० टक्क्यांच्या आत वन-ए, त्याच्यावर वन-बी. खरं सांगायचं तर ४८ टक्के आणि ५६ टक्के यांच्यात निसर्गाने काही दगड ठेवलेला नाही, पण ट्रीटमेंट ठरवायला कुठेतरी रेघ मारावी लागते.

आणि ही मोजणी वाटते तितकी सरळ नसते बरं का. अस्तर आणि स्नायू यांची हद्द मुळात वाकडीतिकडी असते, आणि बऱ्याच बायकांना अ‍ॅडेनोमायोसिस असतो, म्हणजे अस्तराचेच कप्पे आधीपासून स्नायूत घुसलेले असतात. ट्यूमर अशा कप्प्यात नुसता जाऊन बसला असेल तर ते इन्व्हेजन धरत नाहीत, पण घाईत बघणाऱ्याला ते खोल इन्व्हेजन वाटू शकतं. उलटही होतं, एक प्रकार असा असतो ज्यात ट्यूमरच्या ग्रंथी चपट्या होऊन तुटक तुटक पेशींनी आत सरकतात आणि सूज आल्यासारखं दिसतं, ते नजरेतून सुटतं. तुमच्या केसमध्ये आकडा रेघेच्या जवळ आहे आणि त्यावर रेडिएशन ठरणारेय, म्हणून स्लाइड एकदा गायनिक कॅन्सर नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून रिव्ह्यू करून घ्या असं मी नक्की म्हणेन. हॉस्पिटलच्या लॅबला स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ट्यूमरचे तुकडे) मागायचे, अर्ज करून मिळतात, कोणी उपकार करत नाही. ब्लॉक मेणाचा असतो तेव्हा मेच्या उन्हात गाडीत ठेवून शॉपिंगला जाऊ नका एवढं बघा, बाकी तो वर्षानुवर्षं टिकतो.

एलव्हीएसआय म्हणजे ट्यूमरच्या पेशी बारीक वाहिन्यांच्या आत दिसल्या का. फोकल म्हणजे एखाद-दुसऱ्या ठिकाणी. भीती असते ती भरपूर असण्याची, हल्ली पाच किंवा जास्त वाहिन्यांत दिसलं की ‘सबस्टॅन्शियल’ म्हणतात आणि २०२३ च्या फिगो स्टेजिंगमध्ये तेवढ्यावर स्टेज वर जाते. तुमच्याकडे ते नाहीय.

तर इन्व्हेजन सांगतं ट्यूमर कुठवर आलाय, आणि प्रोटीन मार्कर सांगतात त्याचा स्वभाव काय आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात गोंधळ यामुळेच झालाय की सगळ्यांनी दोन्ही एकात कालवलंय.

मार्कर कसे बघतात, तर ब्लॉकमधून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचा, त्यावर त्या त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी टाकायची, प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग येतो, नसेल तिथे निळंच राहतं. याला आयएचसी म्हणतात. आईच्या रिपोर्टात ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हॉर्मोनचे रिसेप्टर शाबूत आहेत, ही चांगली बाजू. आणि हा ट्यूमर कुठून आला त्याचीही ती खूण आहे, पाळी गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजेन जवळजवळ बंद करते पण चरबीत ते बनत राहतं, वजन जास्त असेल तर जास्त बनतं, आणि त्याला अडवायला प्रोजेस्टेरॉन उरलेलं नसतं, मग अस्तर वाढत राहतं. हे आईला दोष द्यायला सांगत नाहीये हं, फक्त कारण सांगतेय.

पी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रोटीन. पी५३ वाइल्ड टाइप वाचून तुम्ही ‘वाइल्ड म्हणजे जंगली का’ असं लिहिलंय. नाही हो, वाइल्ड टाइप म्हणजे मूळचं, न बिघडलेलं, आणि अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात दिलासा देणारी ओळ तीच आहे. पी५३ बिघडलेले ट्यूमर साधारण १५ टक्के असतात पण ते फार त्रास देतात, त्यांना भिंतीत थोडं जरी इन्व्हेजन असलं तरी केमोचा विचार करावा लागतो. २०१३ मध्ये टीसीजीए नावाच्या मोठ्या अमेरिकन प्रोजेक्टने या कॅन्सरचे डीएनएवरून चार गट पाडले, तेव्हापासून नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून ‘ग्रेड २ आहे’ म्हणायचे दिवस गेले. एक गट पी५३ बिघडलेल्यांचा, एक डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्यांचा, एक पोल-ई जीनमध्ये बदल असलेल्यांचा जो दिसायला भयंकर असला तरी वागायला बहुतेक वेळा चांगला निघतो, आणि उरलेले चौथ्यात. पोल-ई प्रोटीन रंगवून कळत नाही, त्याला जीन टेस्ट लागते, ती आईला लागेल का हे ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

आता दिराच्या पेपरबद्दल. त्यातला विषय खोटा नाहीय. पेशी भिंतीत शिरतात तेव्हा त्यांना आधी शेजारणीचा हात सोडावा लागतो, तो हात म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन, ते कमी झालं की पेशी सुट्या होऊन सरकतात. एल१कॅम हे मूळचं नसांच्या पेशींत सापडलेलं प्रोटीन, ते ट्यूमरच्या १० टक्क्यांहून जास्त पेशींत दिसलं तर कॅन्सर परत यायची शक्यता वाढते असं अनेक अभ्यासांत आलंय. बीटा-कॅटेनिन पेशीच्या कडेऐवजी न्यूक्लियसमध्ये दिसणं, शिवाय आजूबाजूचं जाळं विरघळवणारी एन्झाइम, अशी यादी लांब आहे आणि रिसर्चवाल्यांसाठी ती सोन्याची खाण आहे. पण पेशंटच्या घरच्यांनी एकच प्रश्न विचारायचा: हा रिझल्ट आला तर आईच्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलेल? ई-कॅडहेरिन कमी आलं म्हणून कोणी वेगळं औषध देणार नाही. खोली किती हे तर आपण पिशवी हातात घेऊन मोजलंय, मग खोलीचा अंदाज सांगणाऱ्या प्रोटीनवर पैसे कशाला? अशा मार्करचा खरा उपयोग ऑपरेशनच्या आधी झाला असता, नुसत्या बायोप्सीवरून अंदाज बांधायला. एल१कॅम तुमच्या डॉक्टरांनी मागितलं तर करा, त्यांच्या डोक्यात काही हिशोब असेल. बाकी पॅनल राहू द्या. दिरांना सांगा वाचलं मी, थँक यू, आणि विषय बदला.

तीच गोष्ट सीए-१२५ ची, रक्तातलं प्रोटीन आहे, कधीकधी वाढतं, फॉलोअपला काही डॉक्टर वापरतात, पण नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त आणि थोडं वाढलं म्हणून रडारड असं करू नका.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस.

डीएनएची कॉपी होताना चुका होतात, त्या दुरुस्त करणारी चार प्रोटीन आपण बघतो आणि ती जोडीने राहतात, एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, तेही नाहीसं होतं. म्हणजे रिपोर्टात दोन लॉस दिसले तरी बिघाड बहुतेक एकच आहे, दोन-दोन प्रोटीन गेली म्हणून दुप्पट वाईट असं काही नसतं. एंडोमेट्रियल कॅन्सरच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हे दिसतं, आणि स्वभावाने हा गट मधला, पी५३ वाल्यांइतका वाईट नाही. शिवाय पुढेमागे, देव न करो, आजार परत आलाच तर याच गटाला इम्युनोथेरपी चांगली लागू पडते. आत्ता तिची गरज नाही, खर्च ऐकून झोप उडवून घेऊ नका.

पण एमएलएच१ का गेलं याची दोन कारणं असू शकतात. बहुतेक वेळा वयामुळे त्या जीनच्या सुरुवातीलाच मेथिलेशन होतं, म्हणजे डीएनएवर एक रासायनिक खूण चिकटते, आणि तो बंद पडतो, हे फक्त ट्यूमरमध्ये घडतं, मुलांकडे जात नाही. दुसरं कारण, जन्मापासूनच त्या जीनमध्ये दोष, म्हणजे लिंच सिंड्रोम, आणि तो असेल तर प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. लिंचमध्ये आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर जास्त, शिवाय ओव्हरी, जठर वगैरे. एकूण एंडोमेट्रियल कॅन्सरमध्ये लिंच ३ टक्क्यांच्या आसपासच, आणि वय ६२, वजन, डायबेटिस बघता मेथिलेशनचीच शक्यता जास्त म्हणून मी एरवी तुम्हाला शांत राहा म्हटलं असतं. पण मग तुम्ही मामा लिहिलात. आईचा सख्खा भाऊ, पंचेचाळिशी, ‘पोटाचा’ कॅन्सर. आपल्याकडे पोटाचा म्हणजे जठर, आतडं, लिव्हर, काहीही असू शकतं. आतड्याचा असेल तर चित्र बदलतं.

१८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला एक शिवणकाम करणारी बाई सहज बोलून गेली होती की आमच्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. तिचं नाव पॉलीन ग्रॉस. पुढे ती खरंच एंडोमेट्रियल कॅन्सरने गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याचा माग काढून १९१३ मध्ये छापलं, नंतर हेन्री लिंचने ते काम पुढे नेलं आणि त्याचं नाव लागलं. म्हणून म्हणते, ‘संबंध नसेल’ असं म्हणून सोडू नका.

करायचं काय, तर डॉक्टरांना सांगून आईच्या ट्यूमरच्या ब्लॉकवर एमएलएच१ प्रमोटर (जीनची सुरुवात) मेथिलेशन टेस्ट करायची. कोणी आतड्याच्या कॅन्सरच्या सवयीने बीआरएएफ या जीनची टेस्ट सुचवली तर सांगा की गर्भाशयाच्या केसमध्ये ती फारशी कामाची नाही. मेथिलेशन आलं तर बहुतेक प्रश्न मिटतो, पण मामाचा कॅन्सर खरंच आतड्याचा निघाला तर एकदा जेनेटिक काउन्सेलरला तरीही भेटाच. मेथिलेशन नाही आलं तर आईच्या रक्ताची जीन टेस्ट. आधी आईची, तुमची नाही, कारण आईत नेमका कुठला दोष आहे हे कळल्याशिवाय तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याचा अर्थ लागत नाही. आईत सापडला तरच तुमची आणि भावाची करायची. भावाचीही, हो, पुरुषांना आतडं असतंच की. तुमची मुलगी १४ वर्षांची आहे, तिची आत्ता अजिबात नाही, सज्ञान झाल्यावर तिचं ती ठरवेल. तुमच्यात दोष निघाला तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागेल आणि पुढे पिशवी काढायची का हा विषय निघेल, पण तो पूल अजून आलेलाच नाही. ठाण्याहून हे सगळं फार लांब नाही, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, ट्रान्स-हार्बरने पनवेल लोकल पकडली की खारघर. स्लाइड रिव्ह्यूचीही तिथे किंवा टाटाच्या परळच्या हॉस्पिटलात चौकशी करा.

एक मात्र नीट ऐका, या टेस्टसाठी रेडिएशन थांबवायचं नाही. निम्म्याच्या पुढे इन्व्हेजन, वय ६० च्या वर, ग्रेड २, अशांना साधारण व्हजायनल ब्रॅकीथेरपी देतात, म्हणजे आतून, योनीच्या वरच्या टोकाला, काही मोजक्या सिटिंग, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. २०१० मध्ये आलेल्या पोर्टेक-२ ट्रायलमध्ये अशा पेशंटना बाहेरून पूर्ण ओटीपोटावर रेडिएशन देण्याऐवजी एवढंच दिलं तरी तिथे आजार परत येणं तितकंच कमी राहिलं आणि जुलाबाचा त्रास बराच कमी झाला. म्हणून पुढच्या व्हिजिटला थेट विचारा, ब्रॅकी की बाहेरून, आणि बाहेरून म्हणत असतील तर का. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवं, तुमचे तीन गेलेत, स्लाइड रिव्ह्यू लगेच या आठवड्यात टाका. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, लाजायचं नाही.

बाकी वाचणाऱ्या बायांसाठी मध्येच एक, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी धने-जिरं पिऊन वाट बघायची नाही, गायनॅककडे जायचं. शंभरातल्या नव्वद जणींना कॅन्सर नसतोच, पण ज्यांना असतो त्यांच्यातल्या बहुतेकींना हीच खूण आधी दिसते.

आईला किती सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘तिला फक्त गाठ होती असं सांगितलंय’ हे वाक्य पत्रात आहे. ताई, तिला रेडिएशनच्या खोलीत नेल्यावर ती काय समजायचं ते समजेलच, आणि मामाबद्दल सगळ्यात जास्त माहिती तिलाच आहे. भाऊ कसा गेला, आजोबा-आजी कशाने गेले, मावशीला कधी पोटाचं काही झालं का, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? तर सांगा, घाबरवून नाही, सरळ. पहिल्या स्टेजचं होतं, काढलंय, थोडे शेक घ्यायचेत, आणि तुझ्या माहेरची माहिती हवीय. बायका आपल्यासाठी बोलत नाहीत पण नातीसाठी विचारलं की घडाघडा बोलतात.

आणि मामींना फोन करा. जुनी फाइल कपाटावर पडलेली असेल, बायोप्सीचा एक कागद मिळाला तरी पुष्कळ, नसेल तर ऑपरेशन कुठे झालं ते विचारा, डिस्चार्ज कार्डवर अवयवाचं नाव असतं. तो कागद आणि आईचा रिपोर्ट एकाच फोल्डरमध्ये घालून पुढच्या व्हिजिटला न्या, आणि डॉक्टर घाईत असले तरी मामाचं पहिल्या मिनिटात सांगा.